खडकवासल्यात दहा-बारा चमचे साखर: सांडपाण्यातले हार्मोन शोधतात कसे

मागच्या रविवारी सकाळी बेल वाजली, बघते तर सोसायटीचे सेक्रेटरी काका, हातात प्लॅस्टिकची लिटरची बाटली, जिला आपण कंपनी कुठलीही असली तरी बिसलेरीच म्हणतो, आणि तिच्यात फिकट पिवळसर पाणी. "अगं तू लॅबमध्ये असतेस ना, हे आपल्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं पाणी, गार्डनला सोडतो ते. कुणीतरी ग्रुपवर टाकलंय की सांडपाण्यात हार्मोन असतात म्हणून, आणि आता सगळ्या बायका माझ्या मागे लागल्यात. जरा चेक करून सांग ना, सोमवारपर्यंत चालेल."

काकांना आत बसवलं, चहा टाकला. त्यांनी खिशातून एसटीपीचा महिन्याचा रिपोर्ट पण काढला, घडी घालून आणलेला. पीएच, बीओडी, सीओडी, टीएसएस, कॉलिफॉर्म, सगळ्यांपुढे टिकमार्क. "यात तर कुठे हार्मोन दिसत नाहीये," काका म्हणाले. म्हटलं काका, कसे दिसतील, विचारलंच नाहीये ना. आपल्याकडे एसटीपीच्या पाण्याला जे नियम आहेत त्यात हार्मोन नावाची ओळच नाही, त्यामुळे लॅब ते बघतच नाही. आणि समजा बघायचं ठरवलं तरी या रिपोर्टवाल्या पद्धतीनं दिसणार नाही, कारण या रिपोर्टमध्ये बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, आहे ८ मिलिग्रॅम पर लिटर. म्हणजे ८० लाख नॅनोग्रॅम. आणि हार्मोनची गोष्ट सुरू होते एक-दोन नॅनोग्रॅमपासून, कधी कधी त्याच्याही खाली.

आता नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग, हे सगळ्यांना पाठ असतं आणि डोक्यात कुणाच्याच काही येत नाही. म्हणून मी पुणेकरांना धरणाचा हिशोब सांगते. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे साधारण ५६०० कोटी लिटर. एवढ्या सगळ्या पाण्यात एक नॅनोग्रॅम पर लिटर एवढं काही मिसळायचं असेल तर एकूण किती लागेल? ५६ ग्रॅम. दहा-बारा चमचे साखर, बस. पानशेत, वरसगाव, टेमघर पण धरले तर चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी होतात, त्यांना सव्वाआठशे ग्रॅम पुरेल, किलोची पिशवी उघडली तरी साखर उरेल. आपण दर्या में खसखस म्हणतो ना, तर खसखशीचा एक दाणा भरतो साधारण ०.३ मिलिग्रॅम, तो एक दाणा दहा हजार लिटरच्या तीस टँकरमध्ये विरघळवला की एक नॅनोग्रॅम पर लिटर होतं. म्हण अगदी तंतोतंत बसते.

यावर काकांचा प्रश्न एकदम रास्त होता. "मग एवढ्याशानं होतं काय?"

त्याचं उत्तर हार्मोन म्हणजे काय त्यातच आहे. हार्मोन हे काही खाद्य नाही की विष नाही, तो निरोप आहे. शरीरातली एक ग्रंथी रक्तात निरोप सोडते आणि लांबचा कुठलातरी अवयव तो वाचून कामाला लागतो, आणि निरोप द्यायला ट्रकभर कागद लागत नाही, एक चिठ्ठी पुरते. म्हणून शरीराची ती वाचायची यंत्रणा, जिला रिसेप्टर म्हणतात, ती मुळातच अतिशय कमी मात्रेवर चालण्यासाठी बनलेली असते. घोळ असा आहे की हा रिसेप्टर चिठ्ठीवरची सही पूर्ण वाचत नाही. इस्ट्रोजेन म्हणजे स्त्री-हार्मोनच्या रेणूच्या एका टोकाला एक फिनॉलची कडी असते, रिसेप्टर मुख्यतः ती चाचपतो आणि कडी बसली की पुढे सोडतो. आता कडक प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल ए म्हणा, काही डिटर्जंटांतून तयार होणारं नोनिलफिनॉल म्हणा, यांचा हार्मोनशी काडीचा संबंध नाही पण टोकाला तशीच कडी आहे, त्यामुळे खोट्या सहीवर काम होऊन जातं. अर्थात खोटी सही कच्ची असते, बिस्फेनॉल ए हे खऱ्या इस्ट्रॅडिओलपेक्षा, म्हणजे शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा, हजारो पटींनी कमजोर आहे, म्हणून सगळ्यांना एकाच तराजूत टाकून "पाण्यात केमिकल सापडलं हो" असं ओरडण्यात अर्थ नसतो. युरोपात पिण्याच्या पाण्यात बिस्फेनॉल ए ची मर्यादा आहे २.५ मायक्रोग्रॅम पर लिटर. आणि गर्भनिरोधक गोळीतलं जे बनवलेलं इस्ट्रोजेन असतं, एथिनिल इस्ट्रॅडिओल, त्याच्यासाठी नदीच्या पाण्यात युरोपनं २०१२ ला सुचवलेला आकडा होता ०.०३५ नॅनोग्रॅम. एक माणसासाठीचा आणि एक नदीतल्या जिवांसाठीचा आहे म्हणून थेट तुलना करू नये, पण दोन्हींत सत्तर हजार पटींचा फरक आहे एवढं बघून ठेवा.

गोळीचं उदाहरण अजून थोडं करते कारण मला ते फार आवडतं. माला-डी च्या एका गोळीत हे एथिनिल इस्ट्रॅडिओल असतं ०.०३ मिलिग्रॅम, खसखशीच्या दाण्याचा दहावा हिस्सा. ती एक गोळी समजा स्वच्छ पाण्यात विरघळवली तर त्या ०.०३५ च्या रेषेवर यायला पाणी किती लागेल? साडेआठ लाख लिटर. पंच्याऐंशी टँकर! उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला एवढे टँकर किती दिवस पुरतील हे काकांनी लगेच तोंडी काढलं, कारण टँकरची बिलं तेच पास करतात.

पण म्हणून सगळं खापर गोळीवर फोडू नका. आपल्या देशात कुटुंबनियोजन म्हणजे मुख्यतः बायकांची नसबंदी, गोळ्या घेणाऱ्या कमीच. सांडपाण्यातलं बरंचसं इस्ट्रोजेन हे सरळ आपलंच असतं, माणसांचं, बायकांचंही आणि पुरुषांचंही, गरोदर बाईच्या लघवीतून तर कितीतरी पट जास्त जातं, त्यात कुणाची चूक नाही. शिवाय शहराच्या कडेचे गोठे. आणि यात एक गंमत आहे जी मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती. आपलं लिव्हर हे हार्मोन बाहेर टाकताना तसंच टाकत नाही, त्याला साखरेचा नाहीतर सल्फेटचा एक तुकडा चिकटवून टाकतं, त्यामुळे तो पाण्यात विरघळतो आणि हार्मोन म्हणून निकामी होतो, थोडक्यात चिठ्ठी पाकिटात घालून पाकीट सील. पण ड्रेनेज लाइनमध्ये ई. कोलाय असतात, त्यांच्याकडे तो साखरेचा तुकडा कापणारं एन्झाइम असतं, आणि ते मजेत सील फोडतात. म्हणजे टॉयलेटमधून निघताना गप्प असलेलं हार्मोन मुंढव्याला पोचेपर्यंत वाटेत पुन्हा जिवंत झालेलं असतं! त्यामुळे कधी कधी एसटीपीत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात मोकळं हार्मोन जास्त दिसतं, आणि नवीन मुलं म्हणतात मॅडम मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं.

हे सगळं शोधायचं कुणाला सुचलं तर माशांमुळे. इंग्लंडमध्ये ली नदीवर गळ टाकून बसणाऱ्यांना सांडपाणी प्रकल्पाच्या तलावात विचित्र मासे मिळायला लागले, अर्धे नर अर्धे मादी. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी साधा पण भारी प्रयोग केला, ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सोडले आणि काही आठवड्यांनी रक्त तपासलं. नर माशांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन निघालं. हे अंड्यातला बलक बनवायचं प्रोटीन, माद्यांच्या रक्तात असतं, नराला त्याचं काय काम? पण निरोप आला म्हणून बिचाऱ्याच्या लिव्हरनं बनवायला घेतलं. हे १९९४ ला छापून आलं. तेव्हा सगळ्यांचा संशय कारखान्यांवर आणि डिटर्जंटवर होता, आणि काही नद्यांमध्ये तो खराही निघाला. पण १९९८ ला जेव्हा घरगुती सांडपाण्याचे एकेक भाग वेगळे करून कुठल्या भागात परिणाम आहे ते तपासलं तेव्हा चोर घरातलाच निघाला, माणसाच्या शरीरातली इस्ट्रोन आणि इस्ट्रॅडिओल ही इस्ट्रोजेन, आणि गोळीतलं एथिनिल इस्ट्रॅडिओल. पुढे कॅनडात तर एक अख्खा तलावच प्रयोगाला घेतला. २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यात एथिनिल इस्ट्रॅडिओल टाकून पाच-सहा नॅनोग्रॅमवर ठेवलं, आणि फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाची पैदास जवळजवळ बंद पडली, तलावातून तो मासा नाहीसा व्हायला आला. टाकणं थांबवल्यावर काही वर्षांनी परत वाढला. खडकवासल्याच्या हिशोबात पाच नॅनोग्रॅम म्हणजे पाव किलोच्या चहाच्या पुड्यापेक्षा जरासं जास्त.

हां तर मुद्दा, शोधतात कसं. लोकांना वाटतं एक मोठ्ठं मशीन असतं, त्यात पाणी घातलं की यादी छापून येते. मशीन असतं, कोटीच्या घरातलं असतं, पण माझ्या मते यातलं मशीनचं काम सगळ्यात सोपं. खरी मारामारी त्याच्या आधीची.

सुरुवात बाटलीपासून. काकांची बाटली मी तिथेच बाद केली. लगेच कुणीतरी म्हणेल प्लॅस्टिकमध्ये बिस्फेनॉल असतं म्हणून, तर नाही, या पातळ बाटल्या पेट नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यात बिस्फेनॉल ए नसतं, ते त्या कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेटमध्ये असतं, पाण्याचे वीस लिटरचे जुने कडक जार असायचे त्यात. पण हार्मोन हे तेलकट स्वभावाचे रेणू आहेत, पाण्यात त्यांना करमत नाही, प्लॅस्टिकची भिंत दिसली की जाऊन चिकटतात, मग पाण्यात मोजायला उरतं काय. म्हणून काचेची बाटली, तीही तपकिरी, उजेड लागू नये म्हणून. धुवायची साबणाशिवाय, शेवटी मिथेनॉलनं खळबळून. बाटली भरली की लगेच बर्फात, आणि आत थोडं ॲसिड किंवा सोडियम अझाइड, कारण पाण्यातले जंतू प्रवासातही जेवत असतात, बाणेरहून लॅबला येईपर्यंत अर्धं हार्मोन खाऊन टाकतील.

दुसरं म्हणजे कधी भरली. सकाळी सात ते दहा पुण्यातलं सांडपाणी म्हणजे आंघोळी, भांडी, वॉशिंग मशीन, दुपारी तीनला वेगळंच आणि रात्री दोनला अजून वेगळं. एक बाटली म्हणजे एका क्षणाचा फोटो. म्हणून चोवीस तास दर थोड्या वेळानं थोडं थोडं घेऊन एकत्र करतात. नदीचं तर विचारूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला की मुठेत सगळं पातळ होऊन जातं, आणि तीच मुठा एप्रिलमध्ये शहरात बघा, धरणाचं पाणी कालव्यात, नदीत जे वाहतं ते बहुतेक आपणच सोडलेलं. त्यामुळे कुणी नुसता आकडा सांगितला की मुठेत एवढं इस्ट्रोजेन, तर माझा पहिला प्रश्न असतो कुठल्या महिन्यात.

मग गाळणं, आणि मग गोळा करणं. इथे एक फरक सांगते. कोविडमध्ये आपल्याकडे एनसीएलनं, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, सांडपाण्यातून विषाणूचे अंश शोधायचं काम केलं होतं ते आठवत असेल. तिथे एक सोय असते, विषाणूच्या आरएनएच्या पीसीआरनं कॉप्या काढता येतात, एकाचे कोट्यवधी करता येतात. हार्मोनची झेरॉक्स निघत नाही. जेवढे रेणू आहेत तेवढेच, म्हणून पाणी कमी करायचं. अर्धा लिटर पाणी एका छोट्या इंजेक्शनच्या नळीसारख्या कार्ट्रिजमधून थेंब थेंब ओढायचं, आत पांढरी पावडर असते, तेलकट रेणू तिला चिकटतात आणि पाणी मीठबीठ घेऊन खाली निघून जातं. स्वच्छ पाणी असेल तर दीड-दोन तासांत होतं. आपलं सांडपाणी असेल तर पावडरीवर चॉकलेटी थर बसतो, मग थेंब पडायचा थांबतो, मग तुम्ही व्हॅक्यूम वाढवता, मग अजून चोंदतं, आणि मग संध्याकाळी सहाला तुम्ही त्या नळीकडे बघत बसलेले असता, शेजारच्या टेबलावरचे सगळे घरी गेलेले असतात. शेवटी मिथेनॉल ओतून चिकटलेलं सगळं उतरवायचं, नायट्रोजनच्या बारीक झोतात सुकवायचं, आणि नळीच्या तळाला जो जेमतेम डाग उरतो तो अर्ध्या मिलिलिटरमध्ये घ्यायचा. अर्ध्या लिटरचं अर्धा मिलिलिटर, म्हणजे हजारपट घट्ट. बासुंदी आटवतो तसंच, फक्त यात नको असलेल्या गोष्टी पण आटून आल्यात.

तिथून मशीन. त्याचे दोन भाग. पहिल्या भागात एक बारीक नळी, कॉलम म्हणतात, तिचं काम गर्दी पांगवणं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी बेलबाग चौकातून शंभर माणसं एकाच वेळी लक्ष्मी रोडला सोडली तर अलका चौकात सगळी एकत्र पोचतील का? ज्याला काही घ्यायचं नाही तो सरळ चालत येईल, जिला साड्या बघायच्यात ती प्रत्येक दुकानापाशी अडकेल. कॉलममध्ये तेच होतं, तेलकट रेणू भिंतीपाशी रेंगाळतात आणि बाकीचे आधी निघून जातात, प्रत्येकाची बाहेर पडायची वेळ ठरलेली.

दुसरा भाग म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, साध्या भाषेत रेणूंचा वजनकाटा. इस्ट्रॅडिओलचं वजन २७२, एक प्रोटॉन काढून त्याला विजेचा भार दिला की २७१. मशीन फक्त २७१ वजनवाले आत घेतं, त्यांना गॅसवर आपटून फोडतं आणि तुकड्यांत १४५ चा आणि १८३ चा तुकडा आहे का बघतं. वेळ बरोबर, वजन बरोबर, दोन्ही तुकडे बरोबर आणि त्यांचं आपसातलं प्रमाणही बरोबर, तरच हा इस्ट्रॅडिओल. एवढी कडक तपासणी कशाला असं वाटेल, पण गायीच्या शेणातून जे मुख्यतः जातं ते असतं १७-अल्फा इस्ट्रॅडिओल, आणि माणसाचं १७-बीटा. वजन तेच, तुकडे तेच, फक्त एक ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, इकडच्या ऐवजी तिकडे, आणि तेवढ्यावरून अल्फाची ताकद कितीतरी कमी. वजनकाट्याला हे दोघं जुळे भाऊ एकच वाटतात, त्यांना वेगळं करतो तो लक्ष्मी रोड. म्हणजे गोठा की ड्रेनेज हे कळायचं तर कॉलम नीट लागतो.

अजून एक अडचण, इस्ट्रोजेन सहजासहजी भार घेत नाही आणि त्यात आटवलेल्या सांडपाण्यात साबण, तेल, ह्युमिक ॲसिड असलं इतकं असतं की आपल्या रेणूचा आवाज दबून जातो, विसर्जन मिरवणुकीत डीजेसमोर उभं राहून फोनवर बोलल्यासारखं. यावर जो उपाय आहे तो मला सगळ्यात हुशार वाटतो. बाटली आल्या आल्या तिच्यात ठरावीक मोजून "जड" इस्ट्रॅडिओल टाकतात, ज्याचे काही हायड्रोजन किंवा कार्बन जड प्रकारचे असतात. वागणूक डिट्टो तीच, वजन मात्र दोन-चारनं जास्त म्हणून ओळखू येतो. आता वाटेत जे काही हाल व्हायचे ते दोघांचे सारखेच होणार. शंभर टाकले आणि शेवटी साठच दिसले, तर खऱ्याचेही शंभरातले साठच दिसतायत, तेवढा हिशोब वाढवून घ्यायचा. रिपोर्टमध्ये ही जड मंडळी टाकली होती का हे नसेल तर तो आकडा मी तरी मनावर घेत नाही.

आणि आता ब्लँक. ब्लँक म्हणजे सांडपाण्याऐवजी अतिशुद्ध पाणी घेऊन सगळं अथपासून इतिपर्यंत तसंच करायचं, उत्तर शून्य यायला हवं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या ब्लँकमध्ये बिस्फेनॉल ए निघालं, आणि थोडंथोडकं नाही, नदीचं पाणी आणि आमचं शुद्ध पाणी जवळजवळ बरोबरीत! सर म्हणाले परत कर. परत केलं, तेच. मिथेनॉलची नवी बाटली फोडली, ग्लव्हज बदलले, कार्ट्रिजचा लॉट बदलला, पिपेटच्या टिपा बदलल्या, खिशातल्या पावत्या बाहेर ठेवल्या, कारण पेट्रोल पंपावर मिळते तसल्या गुळगुळीत पावतीच्या कागदावर बिस्फेनॉल असतं आणि ते बोटांना लागतं. आठवडा गेला. शेवटी सापडलं काय, तर कोणीतरी सोय म्हणून शुद्ध पाणी मशीनमधून काढून एका छान पारदर्शक कडक कॅनमध्ये भरून ठेवत होतं. पॉलिकार्बोनेटचा कॅन. मी आठवडाभर नदी तपासत नव्हते, कॅन तपासत होते. तेव्हापासून कुणी पेपरात "पाण्यात सापडलं" असं वाचून दाखवलं की माझ्या तोंडून आपोआप "ब्लँक किती होता?" एवढंच निघतं, घरचे वैतागतात.

मशीनची अजून एक मर्यादा म्हणजे त्याला नावं सांगावी लागतात. इस्ट्रोन शोध, बिस्फेनॉल शोध, तर तेवढंच शोधेल, यादीत नसलेला पाहुणा समोरून गेला तरी ढिम्म. आणि पाच कमजोर रसायनं मिळून परिणाम होत असेल तर तेही त्याला कळत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूनं पण जातात, नाव विचारायचं नाही, काम विचारायचं. १९९६ साली ब्रिटनमध्ये एक पद्धत छापून आली, आपलं पावाचं यीस्ट असतं ना, त्यात माणसाच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरचा जीन बसवला आणि त्याला एक एन्झाइम जोडलं. यीस्टला इस्ट्रोजेनसारखं काहीही भेटलं, खरं-खोटं कुठलंही, की एन्झाइम सुटतं आणि पिवळं पाणी लाल होतं. छोट्या छोट्या शहाण्णव वाट्यांची प्लेट असते, उबेला ठेवायची, आणि दोन-तीन दिवसांनी बघायचं तर पिवळ्यापासून नारिंगी, मग लाल अशी रांग लागलेली असते, रंगपंचमीच. किती लाल झालं त्यावरून "एवढ्या इस्ट्रॅडिओलइतका परिणाम" असा एक आकडा निघतो. २०१८ पासून याला आयएसओचं स्टँडर्डही आहे. यातही गोची आहेच, सांडपाणी जहाल असेल तर यीस्ट मरतं, पाणी पिवळंच राहतं आणि तुम्हाला वाटतं वा, स्वच्छ! शिवाय काही रसायनं रिसेप्टर अडवून बसतात, मग खरं हार्मोन असूनही दिसत नाही. म्हणून यीस्ट जिवंत आहे का तेही सोबत मोजावं लागतं. पण दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या की मजा येते. यीस्ट म्हणतं दहाइतका परिणाम आहे, मशीनच्या यादीची बेरीज येते चार, मग उरलेले सहा कोण? तिथून पुढचा शोध सुरू.

"बरं पण एसटीपीत हे जातं की नाही?" काकांचा चहा गार झाला होता तोवर. बरंचसं जातं. गाळातले जंतू नैसर्गिक इस्ट्रोजेन खातात, गाळ जितके जास्त दिवस टाकीत मुरलेला तितके चांगले खातात, आणि काही हार्मोन गाळालाच चिकटून जातं, म्हणजे नाहीसं न होता तिकडे शिफ्ट होतं. हट्टी आहे ते गोळीतलं. का, तर नैसर्गिक इस्ट्रोजेन तोंडानं घेतलं तर लिव्हर लगेच तोडून टाकतं, म्हणून औषध बनवणाऱ्यांनी त्याला मुद्दाम एक एथिनिलचं शेपूट लावलं, तुटू नये म्हणून. ते लिव्हरला तुटत नाही तसंच जंतूंनाही तुटत नाही. त्यासाठी पुढे ओझोन नाहीतर ॲक्टिव्हेटेड कार्बनची पायरी लावतात, स्वित्झर्लंडनं २०१६ पासून निवडक प्रकल्पांना तशी सक्तीच केली आहे. पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या पैशातून ११ नवे एसटीपी बांधायचं काम काढलंय, त्यांचा पहिला प्रश्न मैलापाणी नदीत थेट जाऊ नये हा आहे आणि तो आधी सुटायलाच हवा, हार्मोनचा नंबर त्यानंतर. पण पुण्याचं पाणी मुंढव्याहून उचलून कालव्यानं शेतीला जातं, आणि उरलेलं नदीनं भीमेला मिळून उजनीत, जिथे लोक मासेमारीवर जगतात. मासा दिवसरात्र त्याच पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतो, माणसासारखं दोन ग्लास पिऊन बाजूला होत नाही. म्हणून मला विचाराल तर मापायला सुरुवात तिकडून करावी, आमच्या सोसायटीच्या गार्डनपासून नाही. लॉनला काय, लॉन काही अंडी घालत नाही.

हे ऐकून काकांना हायसं वाटलं पण समाधान झालं नाही, ते सेक्रेटरी आहेत. बुधवारी संध्याकाळी परत आले. या वेळी हातात काचेची बरणी, लोणच्याची, झाकणाला फडकं बांधलेलं, आणि बाजूनं बर्फाची पिशवी पण. मी म्हटलं क्या बात है काका, एकदम प्रोफेशनल. "चोवीस तास वॉचमनला दर दोन तासांनी एकेक वाटी काढायला लावली," काका म्हणाले, "आणि बरणी तर काकूनं इतकी स्वच्छ धुतलीय, मसाल्याचा वास म्हणून राहिला नाही."

"कशानं धुतली?"

"भांड्याचं लिक्विड. तीनदा."